चिमणीचं उष्टं

बँडच्या तिसऱ्या रांगेतल्या मुलीनं पितळी कॉर्नेट ओठांवरून खाली घेतला, त्याचा माउथपीस उपसून काढला, निळ्या स्कर्टच्या टोकाला दोनदा पुसला आणि शेजारणीच्या हातात ठेवला. शेजारणीनं तो आपल्या कॉर्नेटला बसवला, नाकावर घसरलेला चष्मा मागे ढकलला आणि पुढच्या गतीच्या पहिल्या सुराला ती बाकीच्यांबरोबर वेळेवर पोचली. सगळं मिळून पाच-सात सेकंदांचं काम. बँड शिकवणारा तरुण मास्तर कागद उलटत होता, त्याला ते दिसलं नाही. आईबाप आपापल्या मुलांवर फोन रोखून बसले होते, त्यांनाही नाही. दिसलं ते पहिल्या रांगेत मधोमध बसलेल्या वसुंधरेला, आणि तिच्या जिभेवर एकदम पितळेची चव आली. पितळी तांब्या रात्रभर भरून ठेवावा आणि सकाळी त्यातलं पाणी प्यावं तशी ती चव असते. थोडी आंबट, थोडी रक्तासारखी. पंचावन्न वर्षांत तिनं कुठल्याही वाद्याला ओठ लावला नव्हता. तिनं आवंढा गिळला, पुन्हा गिळला. चव जाईना. उठावं, चार पावलं पुढे जावं आणि त्या चष्मेवाल्या मुलीच्या हातातून तो कॉर्नेट काढून घ्यावा असं तिच्या पायांना वाटलं; पण गळ्यात झेंडूचा हार होता, मांडीवर शाल होती, आणि प्रमुख पाहुणी असं मधेच उठत नाही. आता लशी असतात, तिनं स्वतःला सांगितलं. आता कुणी मरत नाही त्यानं. ती बसून राहिली.

बडोद्यातल्या प्रतापनगरच्या रेल्वे वसाहतीतलं हे मैदान तिनं आजवर रस्त्यावरूनच पाहिलं होतं. दुपारी चार वाजता हेरंब गाडी घेऊन सुभानपुऱ्याला तिच्या दारात आला आणि हाताला धरून तिला पुढच्या सीटवर बसवून घेऊन आला. हेरंब म्हणजे तिच्या बालमैत्रिणीचा, सुनंदाचा धाकटा भाऊ. त्रेसष्ट वर्षांचा झाला तरी तिच्या डोळ्यांपुढे तो अर्ध्या चड्डीतच उभा असायचा. रिफायनरीतून निवृत्त झाल्यावर लोक यात्रांना जातात, हा मुलांच्या बँडमागे लागला. वर्कशॉपमधल्या कामगारांची, क्वार्टर्समधली, आसपासच्या सोसायट्यांतली पंधराएक मुलं-मुली त्यानं जमवली, कुठून कुठून जुनी वाद्यं आणून त्यांचे पोचे काढून घेतले, आणि बँडला बहिणीचं नाव दिलं. आज वसंतपंचमी, त्यांचा पहिला मोठा कार्यक्रम. प्रत्येक खुर्चीवर एक पत्रक ठेवलेलं होतं. त्यावर दोन वेण्या पुढे घेतलेल्या सुनंदाचा फोटो, आणि खाली मराठीत नि गुजरातीत छापलं होतं की १९६४ साली बँडमास्तर पिलाजीराव यांनी निष्काळजीपणानं मुलींना एकमेकींचे माउथपीस वापरू दिले, त्यातून घटसर्प होऊन कुमारी सुनंदा वयाच्या चौदाव्या वर्षी वारली. म्हणून आमच्या बँडमध्ये प्रत्येक मुलाला स्वतःचा, नंबर घातलेला माउथपीस दिला जातो. गाडीत हेरंब तेच बोलत होता. तुम्ही फक्त दोन शब्द बोला, वसूताई. त्या बँडातल्या अकरा जणींपैकी बडोद्यात आता तुम्ही एकट्या राहिलात. मी तेव्हा आठ वर्षांचा, माझ्या सांगण्याला वजन काय? तुम्ही तिथे होतात, डोळ्यांनी बघितलंत. त्या माणसानं काय केलं ते एकदा तुमच्या तोंडून लोकांना कळू दे, बरोबर ने? वसुंधरा खिडकीबाहेर बघत 'हं' म्हणाली होती. पंचावन्न वर्षं ती या घराला 'हं'च म्हणत आली होती.

गुजरात होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. मोठी माणसं अजून बोलता बोलता 'आपल्या राज्यात' म्हणून जायची आणि मग राज्य कुठलं हे आठवून गप्प व्हायची. पिलाजीराव मास्तर जुन्या बडोदे संस्थानाच्या बँडात तरुणपणी कॉर्नेट वाजवायचे. राज्य गेलं, मास्तर लहरीपुऱ्याजवळच्या एका व्यायामशाळेत मुलांची कवायत घ्यायला लागले, आणि एक दिवस त्यांच्या मनानं घेतलं की मुलींचा बँड काढायचा. आयांनी नाकं मुरडली. गाल फुगवून वाजवायचं हे काय मुलींचं काम, ओठ जाड होतील, स्थळं यायची नाहीत. तरी अकरा जणी जमल्या. मास्तर उंच, वाळलेले, बोलायला अगदी कमी. त्यांनी मुलींना सूर शिकवायच्या आधी दोन महिने नुसते नियम शिकवले. प्रत्येकीचा माउथपीस वेगळा. तो कढत पाण्यात बुडवायचा, आपल्याच फडक्यानं पुसायचा, आणि आपल्याच पिशवीत ठेवायचा. पिशव्या मास्तरांच्या बायकोनं, मथुराबाईंनी शिवल्या होत्या, आणि प्रत्येकीवर दोऱ्यानं नाव काढलं होतं. रोज तालमीआधी मुलींनी रांगेत आ करून उभं राहायचं. मास्तर हातातली बॅटरी पेटवून एकेकीचा घसा बघायचे, हनुवटीला बोटही न लावता. घसा लाल दिसला की आठ दिवस वाद्याला हात लावायचा नाही. माउथपीस घरी विसरला तर मांडीवर वाद्य घेऊन मुक्यानं बसायचं, मग ती तालीम असो की कार्यक्रम. दुसरीच्या माउथपीसला ओठ लावला तर बँडातून नाव कमी. याला एकही अपवाद झाला नव्हता. वसुंधरेचं आणि सुनंदाचं मात्र एक गुपित होतं. मास्तरांच्या नियमांआधी त्यांना दुसरा एक नियम माहीत होता, आणि तो मास्तरांच्या नियमांपेक्षा जुना होता. पेरू असो, बोर असो, शेंगदाण्याचा लाडू असो, वर फ्रॉकचं टोक धरून दातांनी तोडलं की ते उष्टं होत नाही. ते चिमणीच्या दातांनी तोडलेलं. त्या दोघींनी बालवाडीपासून जगातलं सगळं असं अर्धं अर्धं खाल्लं होतं. कापड मधे आलं की दोष संपला. हे त्यांना आयांनी शिकवलं होतं, आयांना त्यांच्या आयांनी. सोवळ्याओवळ्याच्या घरात पोरींना एकमेकींच्या जवळ यायला एवढी एकच फट होती, आणि त्या फटीतून काय काय आत येतं ते कुणाला माहीत होतं?

समोर बँड आता मार्च वाजवत होता. मुलांच्या कपाळावर घाम होता, ट्राँबोनवाल्या मुलाची टाय खांद्यावर गेली होती. चष्मेवाली मुलगी मन लावून वाजवत होती. तिचा सूर बाकीच्या दोन कॉर्नेटपेक्षा गोल होता, थोडा ओलसर. सुनंदाचाही तसाच. वसुंधरेचा सूर कधी तसा नव्हता. तो नीट, बरोबर, वेळेवर असायचा, आणि मास्तर तिला 'ठीक' म्हणायचे. सुनंदाला ते काहीच म्हणायचे नाहीत. तिचं वाजवणं चालू असलं की बाकीच्यांकडे पाठ करून खिडकीशी उभे राहायचे. तेवढ्यासाठी वसुंधरेनं रात्र रात्र उशीत तोंड खुपसून रडून घेतलं होतं आणि सकाळी सुनंदाची वेणी घालून दिली होती. हेवा होता, नाही कसं म्हणणार? पण त्या दिवशीचं ते हेव्यातून झालं नव्हतं. हेव्यातून झालं असतं तर आयुष्यभर तेवढं तरी धरायला राहिलं असतं. ते प्रेमातून झालं होतं, आणि प्रेमातून झालेल्या गोष्टीचं काय करायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

त्या साली वसंतपंचमीला कमाटीबागेतल्या बँडस्टँडवर कार्यक्रम ठरला होता. तीन दिवस आधी वसुंधरेचा घसा दुखायला लागला. आईनं हळद-मिठाच्या गुळण्या करायला लावल्या. आरशासमोर आ करून, चमच्यानं जीभ दाबून तिनं बघितलं, तर घशाच्या एका बाजूला पांढुरकी साय धरल्यासारखं दिसलं. ती गुळण्यांनी जाईना, चमच्यानं खरवडली तर दुखून डोळ्यांत पाणी आलं. ताप फार नव्हता. ते तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आठ दिवस नियम होता, आणि नवा पांढरा फ्रॉक शिवून आला होता. बागेत मास्तर बँडस्टँडच्या मागे मुलींना रांगेत उभं करून घसे बघत होते. ती रांगेत सहावी. मास्तर तिसरीपाशी आले तेव्हा ती स्टँड आणते म्हणून बाजूला झाली, आणि परत आली ती पहिल्या दोघींच्या मधे, तपासून झालेल्यांत. एवढं सोपं होतं. पुढे आयुष्यात तिला पुष्कळदा वाटलं, एवढं सोपं नसायला हवं होतं.

पहिलं मार्चचं वादन झालं त्यात सुनंदा नव्हती, ती मागे आपल्या पाळीची वाट बघत उभी होती. दुसरं वादन वसंत रागातलं, मास्तरांनी स्वतः बँडसाठी बसवलेलं, आणि त्याची सुरुवात सुनंदाच्या एकटीच्या कॉर्नेटनं. ती येऊन शेजारी बसली आणि तिनं पिशवीसाठी खिशात हात घातला. मग दुसऱ्या खिशात. वसुंधरेनं तिच्या चेहऱ्याचा रंग जाताना पाहिला. पिशवी व्यायामशाळेच्या खिडकीत राहिली होती. तिथपर्यंत जाऊन यायला अर्धा तास. पहिल्या रांगेत तिचे वडील बसले होते. सगळे त्यांना बापू म्हणत. जुन्या हुजूर कचेरीतले कारकून, कोट, टोपी, हातात काठी. मुलीच्या हातात पितळी बाजा द्यायला ते वर्षभर तयार नव्हते, आणि आज पहिल्यांदा ऐकायला आले होते. सुनंदा मांडीवर कॉर्नेट घेऊन मुकी बसली असती तर ती पुन्हा कधी व्यायामशाळेत दिसली नसती. दोघींनाही हे माहीत होतं. मास्तर लोकांकडे तोंड करून वाकून नमस्कार करत होते. वसुंधरेनं आपला माउथपीस उपसला, नव्या पांढऱ्या फ्रॉकच्या टोकात धरला, आतून बाहेरून तीनदा पुसला आणि सुनंदाच्या हातात दिला.

"चिमणीचं आहे," ती पुटपुटली.

सुनंदा हसली. मग तिनं डोळे मिटून वाजवलं. वसुंधरा बिनतोंडाचा कॉर्नेट ओठांना लावून, गाल फुगवून, बोटं बरोबर दाबत शेवटपर्यंत बसली. तिला सगळं ऐकू येत होतं, स्वतःखेरीज. मास्तरांनी एकदा तिच्याकडे बघितलं. अकरा वाद्यांत एक कॉर्नेट कमी आहे हे त्यांच्या कानाला कळलं नाही असं होणं शक्यच नव्हतं. पण वादन चालू होतं, आणि बापू, काठी दोन्ही हातांत धरून, तोंड किंचित उघडं टाकून आपल्या मुलीकडे बघत होते.

टाळ्या वाजल्या तशी वसुंधरा दचकली. या टाळ्या आताच्या होत्या. हेरंब खुर्चीच्या कडेवर बसून मान डोलावत होता. तिच्याकडे झुकून म्हणाला की पुढच्या वादनानंतर निरुपमा तुमचं नाव पुकारेल. निरुपमा म्हणजे सूत्रसंचालन करणारी, क्वार्टर्समधली तरुण शिक्षिका. एक वाक्य गुजरातीत, एक हिंदीत, मग मराठी घरच्यांसाठी एक मराठीत. वसुंधरेनं मान हलवली. हेरंबच्या कानामागचे केस पांढरे झाले होते. कान सुनंदाचेच, थोडे बाहेर आलेले. तिला वाटलं, त्या दोन मुलींच्या माउथपीसचं आत्ता, निदान याच्या कानात सांगावं. तिनं तोंड उघडलंही. पण पत्रकावर तसं छापलेलं असताना, याच्याच बँडमध्ये, याच्याच डोळ्यांसमोर ते झालं हे ऐकून त्याचा चेहरा कसा होईल ते तिला दिसलं. तिनं तोंड मिटलं. त्या क्षणी तिच्या लक्षात आलं की ती पुन्हा तेच करते आहे. तिचं वय एकोणसत्तर होतं आणि ती पुन्हा रांगेत तपासून झालेल्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिली होती.

सुनंदाला चौथ्या दिवशी ताप आला. घरच्यांना वाटलं, गाठी सुजल्यात. तीन दिवस लेप आणि गुळण्या चालल्या. डॉक्टर आले तोवर मान बैलासारखी सुजली होती आणि श्वासाला आरीसारखा आवाज येत होता. घटसर्प हा शब्द वसुंधरेनं आपल्या आईच्या तोंडून ऐकला, स्वयंपाकघरात, शेजारणीशी कुजबुजताना. आई सांगत होती, घशात पांढरी साय धरते म्हणे. वसुंधरा पोळीचा घास तोंडात घेऊन तशीच बसली. तिची साय तोवर गेली होती. नवव्या दिवशी सुनंदा गेली. वसुंधरेला दारातूनच परत पाठवलं, संसर्ग होईल म्हणून, आणि त्या वेळी तिला हसू आलं होतं. ते हसू तिनं कधी स्वतःला माफ केलं नाही. मग व्यायामशाळेत माणसं जमली. बापू होते, व्यायामशाळा चालवणाऱ्या मंडळाचे दोघंतिघं, काही आया. उरलेल्या दहा मुली भिंतीला लागून. मास्तरांना विचारलं, मुली एकमेकींची वाद्यं तोंडाला लावतात का? मास्तर म्हणाले, माझ्या बँडात कुणी दुसरीच्या माउथपीसला ओठ लावत नाही. मग मुलींना विचारलं. एक लहान पोर घाबरून म्हणाली, कधी कधी. तिला काय म्हणायचं होतं देव जाणे. मास्तरांनी मुलींकडे बघितलं, डावीकडून उजवीकडे, आणि वसुंधरेपाशी त्यांची नजर थांबली. ती फरशीकडे बघत होती. काळी, पांढरी, काळी, पांढरी. एक फरशी तडकलेली. तिला वाटलं, ते आता विचारणार. त्यांनी विचारलं नाही. बँड त्या दिवशी मोडला. आठ दिवसांनी दुपारी, घरात कुणी नसताना, मास्तर तिच्या दारात आले. हातात ती पिशवी होती, सुनंदाचं नाव काढलेली.

"खिडकीत होती," ते म्हणाले. "तिच्या घरी दे. मला ते दारात उभं करत नाहीत."

तिनं पिशवी घेतली. ते वळले, मग पुन्हा थांबले.

"घसा बरा आहे ना आता?"

त्या 'आता'नंतर ते निघून गेले. तिला कळलं होतं की त्यांना सगळं कळलंय, आणि हेही की ते कुणाला सांगणार नाहीत. चौदा वर्षांच्या पोरीवर ते असलं काही टाकणार नाहीत. सांगायचं की नाही, ते तिच्यावर सोडून गेले होते. पिशवी तिनं सुनंदाच्या घरी दिली असती तर बापूंनी विचारलं असतं, माउथपीस खिडकीत होता तर माझ्या मुलीनं वाजवलं कशानं? म्हणून संध्याकाळी ती सुरसागर तळ्याच्या कठड्याशी गेली, पिशवीत एक दगड घातला, दोरी आवळली आणि ती पाण्यात टाकली. कणीस खाणाऱ्या माणसांनी बघितलंसुद्धा नाही.

त्यानंतर ती शिकली, भूगोलाची शिक्षिका झाली, रमाकांतशी लग्न झालं. नवरा चांगला, बोलका. मुलाला त्रिगुणी लस टोचायला नेलं तेव्हा नर्सनं कार्डावर तीन रोगांची नावं लिहिली, त्यातलं एक वाचून वसुंधरा दवाखान्याच्या बाकावर बसून हमसून रडली. रमाकांतनं पुढे वर्षानुवर्षं ती गोष्ट जेवणाच्या पंगतीत रंगवून सांगितली, सुई पोराला टोचली, रडली आमची बाई. तीही हसायची. तो जायच्या आदल्या वर्षी त्यानं एकदा सहज विचारलं होतं, तू कधी शिट्टीसुद्धा का वाजवत नाहीस गं? तिनं विषय बदलला. मास्तर बडोदं सोडून गेल्याचं तिला कळलं होतं. एकदाच दिसले. डभोईला एका लग्नाला गेली होती, कडेवर मुलगा. वरातीच्या बँडात, लाल कोट, टोपीला प्लास्टिकचा तुरा, कॉर्नेट वाजवत मास्तर तिच्यापासून दहा हातांवरून गेले. ओठ अजून तसेच नेमके, सूर तसाच स्वच्छ, आणि पुढे कोणीतरी दारू पिऊन नाचत होतं. तिनं पदर तोंडावर ओढला. वरात कोपऱ्यावर वळेपर्यंत तिनं तो खाली घेतला नाही. पुढे केव्हातरी ते वारल्याचंही कानावर आलं.

निरुपमानं नाव पुकारलं. वसुंधराबेन, बे शब्द. हेरंबनं तिला कोपराला धरून उठवलं. माइकपाशी पोचेपर्यंत तिनं काही ठरवलं नव्हतं. समोर खुर्च्या, खुर्च्यांमागे कॉलनीची भिंत, भिंतीपलीकडे सुटी झालेल्या शिफ्टच्या स्कूटरी. मुलं वाद्यं मांडीवर घेऊन तिच्याकडे बघत होती. तिचा आवाज तिला लांबून आल्यासारखा ऐकू आला. ती म्हणाली, पिलाजीराव मास्तर रोज आमचे घसे बघायचे. एकदाही चुकले नाहीत. पत्रकात छापलंय ते बरोबर नाही. सुनंदा गेली त्यात त्यांचा दोष नव्हता. दोष माझा होता. एवढं बोलून तिला वाटलं आता सगळं थांबेल. पण लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या रांगेत एका बाईनं डोळे टिपले. कोणीतरी म्हणालं, किती मोठं मन. निरुपमानं माइक हातात घेऊन तीन भाषांत सांगितलं की आपली वडील माणसं अशीच असतात, दुसऱ्यांचे दोष स्वतःवर घेतात, यातून आपण मुलांनी काय शिकायचं? आणि बँडला शेवटच्या वादनासाठी खूण केली.

ती खुर्चीत येऊन बसली. हेरंब तिच्याकडे बघत होता. त्याचा चेहरा अजून रागाचा नव्हता, नुसता गोंधळलेला होता.

"असं का म्हणालात, वसूताई? काय ठरलं होतं आपलं?"

तेवढ्यात बँड सुरू झाला. बारा पितळी वाद्यं, दोन ढोल, दहा हातांवर. तिला त्याच्या कानाशी तोंड नेऊन सांगावं लागलं, आणि तेही ओरडून. जे तिनं कधी स्वतःशीसुद्धा कुजबुजून म्हटलं नव्हतं ते ती भर संध्याकाळी मैदानात ओरडून सांगत होती. माझा घसा दुखत होता. मी लपवलं. ती माउथपीस विसरली. मी माझा पुसून दिला. मास्तरांना ती पिशवी सापडली, ती मी तळ्यात टाकली. एक एक वाक्य दोन-दोनदा, कारण ढोल मधे येत होता. हेरंब ऐकताना समोर बघत राहिला. शेवटी त्यानं एकच विचारलं, मास्तरांना माहीत होतं? ती म्हणाली, होतं. मग तिनं वाट बघितली. तो ओरडेल, उठून जाईल, हात उगारेल. काहीही चाललं असतं. ती त्यासाठी तयार होती, इतकी तयार की तिला आत कुठेतरी हलकं वाटायला लागलं होतं, आणि त्या हलकेपणाची तिला शरम वाटत होती. वादन संपलं. टाळ्यांमध्ये हेरंब बोलायला लागला, तिच्याकडे न बघता, हळू, बापाला हिशोब देणाऱ्या मुलासारखा.

"मास्तर गाव सोडून चालले तेव्हा बापू मला बोटाला धरून घेऊन गेले होते. टांग्यात सामान घालत होते ते. मथुराबाई आत बसलेल्या. बापू मला म्हणाले, थुंक. मी विचारलं, कुठे? म्हणाले, तोंडावर."

त्यानं मांडीवरचं पत्रक उलटं करून ठेवलं. 

"मला पोचेना, वसूताई. मी केवढासा होतो. तर मास्तर खाली वाकले."

तिनं त्याचा हात धरायला हात पुढे केला. त्यानं तो झिडकारला नाही. त्याचं तिकडे लक्षच नव्हतं. ती आपला हात त्याच्या खुर्चीच्या दांड्यावर ठेवून बसली. निरुपमा माइकवर सांगत होती की आता या बँडचे आधारस्तंभ हेरंबकाका आभार मानतील. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. तो उठला. सवयीनं त्यानं कोटाच्या खिशातून कागद काढला, चार पायऱ्या चढला आणि माइकसमोर उभा राहिला. कागद त्याच्या हातात उघडा होता. त्याचे ओठ हलताना तिला दिसले. आवाज आला नाही. पुन्हा हलले. मागच्या रांगांतून कोणीतरी ओरडलं, काका, संभळातुं नथी, ऐकू नाही येत. ध्वनिक्षेपकाचा माणूस कमरेत वाकून, वायर चाचपत रंगमंचावर आला, त्यानं हेरंबच्या हनुवटीखाली हात घालून माइकवर टकटक केली, आणि ती टकटक साऱ्या मैदानात, क्वार्टर्सच्या भिंतींवर आपटून परत येईल इतकी मोठी वाजली. माइक चालू होता.